तेवीस नंबरची बाटली

आमच्या लॅबमध्ये उत्तर आधी येतं आणि प्रयोग मागाहून. ही काही तक्रार नाही. एकतीस वर्षं मी या रसायनशास्त्राच्या लॅबचा परिचर आहे, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं ते उत्तर माझ्याच खिशात असायचं.

उत्तर म्हणजे एक आकडा. चोवीस पूर्णांक सहा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिक परीक्षेत हिराकसाचं अनुमापन करायला देतात. हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट खडा. तो पाण्यात विरघळवून मी फिकट हिरवं द्रावण तयार करतो आणि चाळीस मुलांना चाळीस बाटल्यांत भरून देतो. वर ब्युरेटच्या लांब नळीत जांभळं परमँगनेट. थेंब थेंब खाली सोडायचं. थेंब पडतो, जांभळा रंग दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. असं करत करत एक थेंब असा येतो की त्याचा गुलाबी रंग जातच नाही. तिथे हात थांबवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा.

आत काय चालतं तेही सांगून टाकतो. हिराकसातल्या लोखंडाकडे एक इलेक्ट्रॉन असतो, तो द्यायला ते अगदी एका पायावर तयार असतं. परमँगनेट हपापलेलं. ते इलेक्ट्रॉन घेतं आणि त्या नादात आपला रंग घालवून बसतं. लोखंडापाशी द्यायला काही शिल्लक आहे तोवर जांभळं टिकत नाही. देणारा आणि घेणारा दोघं हजर असल्याशिवाय हा व्यवहार होत नाही, असं आमच्या विभागप्रमुख मॅडम दरवर्षी फळ्यावर दोन बाण काढून शिकवतात. मी ते भिंतीपलीकडून एकतीस वेळा ऐकलं आहे. मुलांनी एकदा, आणि तेही बहुतेक खिडकीबाहेर बघत.

पूर्वी मी परीक्षेच्या सकाळी स्वतः एकदा अनुमापन करायचो, आकडा चिठ्ठीवर लिहायचो आणि चिठ्ठी मॅडमच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो. ज्याचा आकडा चिठ्ठीशी जुळेल त्याला अचूकतेचे पंचवीस गुण. माझा तोलणारा हात असा पक्का की आकडा वर्षानुवर्षं तोच यायला लागला. मग मी अनुमापन करणं सोडलं आणि नुसती चिठ्ठी ठेवत राहिलो.

हा आकडा मुलांपर्यंत कसा जायचा, तर अगदी सभ्यपणे. मूल हात वर करायचं आणि म्हणायचं, मामा, ब्युरेट तिरकं झालंय. आमच्याकडे सगळे मला मामा म्हणतात, मॅडमसुद्धा. मी जायचो, स्टँडचा स्क्रू आवळायचो आणि ओठ न हलवता आकडा सांगायचो. चहाचा कपसुद्धा कधी कुणाकडून घेतला नाही. अर्ध्या ब्युरेटांच्या तोट्या गळतात, तराजू गेली सहा वर्षं एका बाजूला मान टाकून आहे, आणि मुलांना दोष द्यायचा? माझ्या मते मी न्यायच करत होतो. हुशार मुलं चोवीस पाच किंवा चोवीस सात लिहायची, म्हणजे खरं वाटावं. तेवढी अक्कल त्यांना आम्ही तीन वर्षांत दिली होती.

यंदाच्या चाळीस जणांत एक माझी मुलगी होती.

घरात तिला आम्ही कारकून म्हणतो. अक्षरओळख झाल्यापासून ही बाई जे दिसेल ते लिहून ठेवते. जिन्याच्या पायऱ्या किती, नळाला पाणी किती वाजता आलं, बाबा किती वेळा शिंकले. माझ्या शिंकांची एक वही अजून कपाटात आहे. लॅबमध्ये ती मला मामाही म्हणत नसे आणि बाबाही. काही हवं असलं की नुसती माझ्यासमोर येऊन उभी राहायची.

पुढच्या शिक्षणासाठी तिची एका मोठ्या संस्थेत निवड झाली होती. अट एकच, प्रात्यक्षिकात साठ टक्के हवेत. पन्नासपैकी तीस. ते पत्र आलं त्या दिवशी मी लॅबभर मिरवलो आणि त्याच भरात स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून बसलो की माझ्या मुलीला मी परीक्षेत एका शब्दाची मदत करणार नाही. उगाच कुणी बोट दाखवायला नको. मॅडम म्हणाल्या, मामा, तुमच्यासारखी तत्त्वाची माणसं आता राहिली नाहीत. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

घरी हे सांगितल्यावर मुलीच्या आईने हातातली पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "म्हणजे जगाच्या पोरांना आकडा, आणि घरचीला तत्त्व." तत्त्व म्हणजे काय ते तिला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. तिला ते समजलं नाही, आणि आता मला वाटतं, तिला समजलेलं होतं.

आता द्रावणाची गोष्ट. परीक्षा मंगळवारी. हिराकसाचं द्रावण करायचं असतं त्याच दिवशी, फार तर आदल्या दिवशी, आणि करतानाच त्यात सल्फ्युरिक आम्ल घालायचं असतं. आम्ल नसलं की हवा येऊन हात मारते. परमँगनेटला मिळायचा तो इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजनच परस्पर घेऊन जातो, आणि हिरवं द्रावण पिवळं पडत जातं. हे मला न कळण्यासारखं नाही. नव्या परिचरांना मीच शिकवतो.

शुक्रवारी दुपारी मी हिराकस तोलला, मोठ्या बरणीत विरघळवला आणि आम्लाची बाटली घ्यायला गेलो, तर ती रिकामी. भांडारपाल चावी घेऊन घरी गेलेला. माझ्या घरी गळका नळ बदलायला माणूस यायचा होता आणि तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरी असावंच लागतं, नाहीतर पुढचे दोन महिने तो तोंड दाखवत नाही. मी बरणीवर काचेची थाळी ठेवली. म्हटलं, सोमवारी घालू आम्ल. सोमवारी खुर्च्या हलवण्यात दिवस गेला. मंगळवारी सकाळी थाळी उचलली तर बरणीत पातळ चहासारखं पिवळं पाणी आणि तळाशी तांबूस गाळ.

नवं करायला अर्धा तास पुरला असता. पण बाहेरचे परीक्षक आलेले होते, मॅडम दोनदा डोकावून गेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. एकतीस वर्षांत माझं द्रावण बिघडलं नव्हतं, आणि मॅडमसमोर बरणी ओतून द्यायची म्हणजे ते बिघडलं असं कबूल करणं आलं. मी भांडारातून आम्ल आणून त्यात ओतलं. गाळ विरघळला, पिवळटपणा थोडा राहिला. मग मी पांढऱ्या बाटल्यांऐवजी तपकिरी काचेच्या काढल्या. तपकिरी बाटलीत सगळंच तपकिरी दिसतं. आकडा तर ठरलेलाच आहे, द्रावणाला विचारतो कोण, असं मी स्वतःशी म्हटलं. मुलगी तेव्हा मनात आलीच नाही. हे लिहितानाही कान गरम होतात, पण नाही आली.

परीक्षा झकास चालली. बाहेरचे परीक्षक बारीक चणीचे, गुडघे दुखणारे गृहस्थ होते. नियमाप्रमाणे त्यांनी प्रत्येक बाकावर जाऊन ब्युरेटवरचा आकडा डोळ्यांनी बघायचा आणि मुलाच्या कागदावर त्या आकड्याशेजारी सही करायची. त्यांनी गुडघ्यांच्या सोयीने कागदच आपल्या टेबलाशी मागवले आणि थर्मासातलं कोमट पाणी पीत बसल्या जागी चाळीस सह्या केल्या. माझी बाकांमधून फेरी चालू होती. ब्युरेटं त्या दिवशी फार तिरकी होत होती. चार नंबर, नऊ नंबर, सोळा नंबर. मी स्क्रू आवळत होतो.

तेवीस नंबरच्या बाकावर माझी मुलगी. तिने हात वर केला नाही. मी तिथून जाताना मुद्दाम छताकडे बघत गेलो. इतरांचं आटोपून कागद देऊन झाले, बाटल्या विसळून पालथ्या घातल्या गेल्या, तरी ही बाई ब्युरेटशी डोळा लावून थेंब मोजत उभी. मला मनातून बरं वाटलं. कशी सावकाश, नीट काम करते. माझ्यावर गेली आहे.

कागद गोळा करताना तिचा कागद हातात आला. सतरा दोन. सतरा एक. सतरा दोन. सतरा दोन. सतरा दोन. पाच वेळा केलं होतं तिने. वर निरीक्षणाच्या जागी एक ओळ लिहून खोडलेली होती. मी कागद उजेडाकडे धरला. खोडलेल्या ओळीत लिहिलं होतं, द्रावणाचा रंग फिकट पिवळा.

परीक्षकांनी जेवणाआधीच कागद तपासून टाकले. फार खूश होते. एवढे जुळणारे आकडे आपण आयुष्यात पाहिले नाहीत, असं त्यांनी मॅडमना सांगितलं, आणि मॅडमनी नम्रपणे छताच्या पंख्याकडे पाहिलं. एकच कागद वाईट निघाला म्हणाले. तेवीस नंबरच्या कागदावर अचूकतेपुढे शून्य होतं आणि शेजारी लाल अक्षरात एक शब्द, निष्काळजी. पंचवीस गेले की उरतात पंचवीस. तोंडी परीक्षेत सगळेच्या सगळे मिळाले तरी तीस होत नाहीत. मोठ्या संस्थेचं दार तिथेच बंद.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी लॅबचं दार लोटून घेतलं. एकोणचाळीस बाटल्या विसळलेल्या होत्या. काम झालं की बाटली धुवून ठेवा, ही शिस्त मीच लावलेली. फक्त तेवीस नंबरची बाटली बूच लावून, वर नंबराची पट्टी नीट चिकटवून बाजूला ठेवलेली होती. मी ब्युरेट भरलं. कित्येक वर्षांनी मी हे काम मन लावून करत होतो. थेंब पडत होते, रंग जात होता. सोळाच्या पुढे मी तोटी अगदी अलगद धरली. गुलाबी रंग टिकला तेव्हा डोळा नळीच्या रेषेत आणला.

सतरा पूर्णांक दोन.

आधी, देवाशपथ, मला अभिमान वाटला. बापाचा हात आणि मुलीचा हात, एका थेंबाचाही फरक नाही. मग मी तिच्याच बाकावर बसलो. परीक्षेच्या खोलीत चाळीस जण होते. त्यातल्या एकीने प्रयोग केला होता, आणि नापास तीच झाली होती. तिला नापास करणारं द्रावण मी केलेलं, आणि ती सोडून इतर सगळ्यांना मी वाचवलेलं.

मी मॅडमकडे गेलो. त्यांचा डबा अर्धा झाला होता. मी म्हटलं, द्रावण बिघडलंय, माझ्या हातून बिघडलंय, त्याचा खरा आकडा सतरा दोन आहे. मॅडमनी चमचा खाली ठेवला. त्या हुशार आहेत, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"मामा," त्या म्हणाल्या, "द्रावण बिघडलं असेल तर बाकीच्या एकोणचाळीस जणांना चोवीस सहा कुठून आलं?"

त्या माझ्याकडून उत्तर मागत नव्हत्या. गेली बारा वर्षं विभागाचा निकाल शंभर टक्के लागत होता आणि त्याची पाटी त्यांच्या खुर्चीमागे होती. मग त्यांनी अगदी मायेने तोडगा काढला. पोर घाबरली असेल. तोंडी परीक्षेआधी तिला पुन्हा एकदा संधी देऊ, परीक्षकांशी मी बोलते. तिने फक्त एकदा अनुमापन करायचं आणि नवा आकडा लिहायचा. "आणि या वेळी," मॅडम म्हणाल्या, "तत्त्व जरा बाजूला ठेवा आणि तिचं ब्युरेट सरळ करून या."

मला सुटल्यासारखं झालं, हे लपवत नाही. माझं द्रावण शाबूत, मॅडमचा निकाल शाबूत, पोरीचं शिक्षण शाबूत. मी जिना दोन दोन पायऱ्या उतरून गेलो. ती आवारातल्या पाण्याच्या टाकीपाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. मी इकडेतिकडे बघितलं, तिच्याशेजारी बसलो आणि सवयीने ओठ न हलवता म्हणालो, "चोवीस सहा."

तिने वही मिटली.

"बाबा, तो आकडा मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तो सगळ्यांना माहीत असतो. मोठ्या वर्गातली मुलं जाताना सांगूनच जातात."

"मग लिहिला का नाहीस?"

"तुम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतंत ना, की मला सांगणार नाही म्हणून."

ती पुढे म्हणाली, अगदी नळाला पाणी किती वाजता आलं ते सांगावं तशी, की पहिल्यांदा सतरा आलं तेव्हा तिला वाटलं आपलंच चुकलं. बाबांचं द्रावण चुकणार नाही. म्हणून पाच वेळा केलं. मग चंचुपात्र पांढऱ्या कागदावर ठेवून रंग बघितला आणि कळलं.

"मग ती रंगाची ओळ का खोडलीस? तीच तर तुझी साक्ष होती."

"तुमचं नाव आलं असतं त्यात," ती म्हणाली. "आकडा नाही बदलता आला. ओळ खोडता आली."

मला काय वाटलं ते सांगायला मी फार मोठे शब्द वापरणार नाही. रडू आलं. भर दुपारी, आवारात, गणवेशात. ती मला रुमाल देत नव्हती, कारण तिच्याकडे रुमाल कधीच नसतो. मी बाहीला नाक पुसलं आणि तेवीस नंबरची बाटली आणायला गेलो.

तोंडी परीक्षा मॅडमच्या खोलीत होती. मी बाटली, ब्युरेट, स्टँड सगळं दोन हातांत घेऊन कोपराने दार ढकललं. परीक्षक माझ्याच मुलीला विचारत होते की आकडा एवढा कमी कसा आला, आणि ती म्हणत होती, माझी चूक असेल. मी सगळं टेबलावर मांडलं. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुठलाही दिवस असता तर मी तसाच मागे फिरलो असतो.

"साहेब," मी म्हणालो, "तिची चूक नाही. द्रावण मी शुक्रवारी केलं आणि त्यात आम्ल घातलं नाही. तुम्ही स्वतः करून बघा."

परीक्षकांना हे अजिबात आवडलं नाही, पण विद्यार्थिनीसमोर नाही म्हणता येईना. ते उठले. बऱ्याच वर्षांनी ब्युरेटला हात लावत असावेत, पण हात चांगला होता. थेंबांकडे बघताना त्यांचा चेहरा हळूहळू तरुण होत गेला. गुलाबी रंग टिकला. त्यांनी चष्मा वर केला आणि आकडा वाचला. सतरा पूर्णांक दोन. क्षणभर ते खरंच आनंदले. मग त्यांची नजर शेजारच्या गठ्ठ्याकडे गेली. त्यात एकोणचाळीस चोवीस-सहा होते, आणि प्रत्येकाशेजारी ‘प्रत्यक्ष पाहिले’ या शब्दांखाली त्यांची स्वतःची सही होती.

त्यांनी माझ्या मुलीला बाहेर बसायला सांगितलं. थर्मासातलं पाणी प्यायले.

"हे या बाटलीतलं द्रावण झालं," ते म्हणाले. "बाकीच्या बाटल्या?"

मी सांगितलं की सगळ्या एकाच बरणीतून भरल्या होत्या, सगळ्यांत हेच होतं.

"बरणी कुठे आहे?"

"धुतली, साहेब."

"आणि बाकीच्या बाटल्या?"

"त्याही धुतल्या."

"मग असं कसं म्हणता येईल?" परीक्षकांच्या आवाजात जीव आला. "पुराव्याशिवाय शास्त्रात काही म्हणता येत नाही."

मी म्हटलं, पुरावा मी आहे, भरणारा मीच होतो. मॅडम फार सौम्यपणे म्हणाल्या की मामा दमले आहेत. पुढच्या दहा मिनिटांत दोघांनी मिळून एक टिपण तयार केलं. तेवीस क्रमांकाच्या बाकावर दिलेल्या एका बाटलीतलं द्रावण परिचराच्या निष्काळजीपणामुळे खराब झालेलं आढळलं. त्या द्रावणाला धरून विद्यार्थिनीचा आकडा अचूक आहे. अचूकतेचे पंचवीसपैकी पंचवीस. तिच्या कागदावरचा ‘निष्काळजी’ हा शब्द खोडून वर सही केली गेली. तो शब्द वाया जाऊ नये म्हणून माझ्या टिपणात घेतला असावा. चाळीसच्या चाळीस मुलं पास झाली, त्यातल्या एकोणचाळीस जणांनी सपशेल खोटं लिहिलं होतं, आणि तरी निकालात एकही गुण खोटा म्हणून दाखवता आला नसता. पाटीवर तेरावं वर्ष चढलं.

मुलगी त्रेचाळीस गुण घेऊन सुटली. ज्यासाठी मी गेलो होतो ते झालं होतं. तोंड बंद ठेवून घरी जायला हरकत नव्हती.

आठवड्याने मला कार्यालयाकडून पत्र आलं. एका बाटलीतील द्रावण आपल्या निष्काळजीपणामुळे खराब झाले, तरी याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. रविवारी सकाळी मुलगी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसली. घरातलं लिहिण्याचं काम तिचंच. तिची आई भाजी निवडत होती. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. शुक्रवार, रिकामी आम्लाची बाटली, नळवाला, बरणी, काचेची थाळी. नळवाला काढून टाक म्हटलं, तर ती म्हणाली, आला होता ना तो? राहू दे मग. आणि मग तिचं पेन थांबलं.

"किती बाटल्या लिहू?"

एक लिहिली असती तर प्रकरण मिटत होतं. एका बाटलीसाठी ताकीद मिळते. चाळीस बाटल्यांसाठी काय मिळतं ते मला माहीत नव्हतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिची आई भाजी निवडायची थांबली होती. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती, जणू मी काहीही सांगितलं तरी तिची हरकत नव्हती. तेच मला सहन होईना.

"चाळीस," मी म्हटलं. "आणि तुझ्या कागदावर खोडलेली ती रंगाची ओळ यात लिही. पहिल्याच वाक्यात."

खुलासा गेला. दोन दिवसांनी मॅडमनी तो परत पाठवला. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, संख्या तपासून पाहावी. मी तपासली आणि तसाच परत दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला कार्यालयातल्या लेखनिकाने कंटाळून स्वतःच चाळीसवर काट मारली, लाल शाईने एक लिहिलं आणि कागद फायलीला लावला. मला एक ताकीद मिळाली, एका बाटलीची. ज्यांना चाळीस वाचायचे असतील त्यांना लाल शाईखाली अजून वाचता येतात.

मुलगी गेली. घरातल्या पायऱ्या आता कुणी मोजत नाही.

पुढच्या वर्षी मी आम्ल आधी आणून ठेवलं. द्रावण परीक्षेच्या सकाळी केलं, पांढऱ्या बाटल्यांत भरलं आणि पहिली बाटली नेऊन नव्या परीक्षकांच्या टेबलावर ठेवली. साहेब, आधी तुम्ही करा, म्हटलं. तराजूची मान आणखी थोडी कलली असावी, आकडा तेवीस पूर्णांक नऊ आला. त्यांनी तो लिहून घेतला. मॅडम माझ्याशी तेव्हापासून कामापुरतंच बोलतात.

परीक्षा सुरू झाली आणि चार नंबरच्या मुलाने हात वर केला. मामा, ब्युरेट तिरकं झालंय. मी गेलो, ब्युरेट खरंच तिरकं होतं, ते सरळ केलं आणि परत आलो. तो माझ्या पाठीकडे बघत राहिला. मग नऊ नंबर, मग सोळा. सगळी सरळ करून आलो. मला वाटलं, आता करतील बिचारी प्रयोग.

सदतीस जणांनी चोवीस सहा लिहिलं. मी न सांगता. मोठ्या वर्गातली मुलं जाताना सांगून गेली होती. त्यांचे पंचवीसातले पंधरा पंधरा गुण कापले गेले, दोघं नापास झाले, आणि पाटी मॅडमनी साफसफाईच्या निमित्ताने उतरवून ठेवली.

उरलेल्या तिघांपैकी एक मुलगी मध्येच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घाबरलेली होती. म्हणाली, मामा, सगळ्यांचं चोवीस सहा आहे, माझं सारखं तेवीस नऊ येतंय, काय लिहू? मी म्हटलं, दिसतंय ते लिही.

दुपारी मी मुलीला फोन केला आणि सांगितलं की यंदा तिघं निघाले. मग तिने विचारलं, कोणत्या नंबरची बाकं? मी सांगत गेलो, आणि ती सावकाश मागून म्हणत गेली त्यावरून कळलं की लिहून घेते आहे.